थ्रेस : एका प्राचीन प्रदेशाचा भूगोल आणि त्याच्या सीमा

युरोप खंडाच्या आग्नेय कोपऱ्यात, जेथे हे खंड आशियापासून केवळ एका चिंचोळ्या सामुद्रधुनीने विलग झाले आहे, तेथे प्राचीन काळी थ्रेस नावाचा एक विस्तीर्ण प्रदेश होता. ग्रीक इतिहासकार, रोमन प्रांताधिपती, बायझंटाइन सम्राट आणि तुर्की सुलतान या सर्वांना या भूमीची दखल घ्यावी लागली. आज जगाच्या राजकीय नकाशावर थ्रेस नावाचे राष्ट्र नाही. त्याची भूमी बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या तीन राष्ट्रांत विभागली गेली आहे.

हा प्रदेश नेमका कोठून कोठपर्यंत होता, असा प्रश्न विद्यार्थी सहजच विचारील. या प्रश्नाला एकच उत्तर नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात एक उत्तर मिळते, रोमन साम्राज्यात दुसरे, आणि विसाव्या शतकात तिसरेच. पर्वत आणि नद्या मात्र या अडीच हजार वर्षांत आपापल्या जागी राहिल्या. बदलली ती त्यांच्यावरून आखली जाणारी रेषा. ही रेषा का बदलत गेली आणि तिच्या बदलण्याने तेथील लोकांचे काय झाले, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे. वाचन करताना दक्षिण युरोपचा प्राकृतिक नकाशा समोर ठेवावा, म्हणजे विषय अधिक सुबोध होईल.

१. स्थान आणि निसर्गदत्त मर्यादा

थ्रेसचा सर्वांत विस्तृत अर्थ घेतला तर त्याच्या चारही दिशांना ठळक नैसर्गिक खुणा सापडतात. उत्तरेस डॅन्यूब नदी आहे. प्राचीन ग्रीक तिला इस्टर म्हणत. पूर्वेस काळा समुद्र पसरलेला आहे. दक्षिणेस एजियन समुद्र आणि मार्मारा समुद्र आहेत. काळ्या समुद्राला मार्मारा समुद्राशी जोडणारी बॉस्पोरसची सामुद्रधुनी सुमारे ३० किलोमीटर लांब असून अत्यंत अरुंद ठिकाणी तिची रुंदी जेमतेम ७०० मीटर भरते. मार्मारा आणि एजियन यांना जोडणारी डार्डानेल्सची सामुद्रधुनी सुमारे ६० किलोमीटर लांब आहे.

या तीन बाजूंविषयी फारसा वाद नाही. खरी अडचण आहे ती पश्चिमेची. तेथे समुद्र नाही, की डॅन्यूबसारखी महानदी नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत एजियनला मिळणाऱ्या दोन मध्यम आकाराच्या नद्या मात्र आहेत. एक स्ट्रायमॉन, जिला आज स्ट्रुमा म्हणतात. दुसरी तिच्या पूर्वेस असलेली नेस्टस, म्हणजे आजची मेस्ता. थ्रेसची पश्चिम मर्यादा कधी पहिल्या नदीवर मानली गेली, तर कधी दुसऱ्या नदीवर.

२. पर्वत

थ्रेसच्या मधोमध, पश्चिमेकडून पूर्वेकडे, एक लांब पर्वतरांग पसरलेली आहे. प्राचीन लेखक तिला हीमस म्हणत. तुर्कांच्या काळात तिला बाल्कन हे नाव रूढ झाले आणि पुढे साऱ्या द्वीपकल्पालाच ते लागू पडले. बल्गेरियन लोक तिला स्तारा प्लानिना, म्हणजे ‘जुना पर्वत’, असे म्हणतात. ही रांग पाचशे किलोमीटरांहून अधिक लांब असून बोतेव हे तिचे सर्वोच्च शिखर २,३७६ मीटर उंच आहे. तिचा उत्तर उतार डॅन्यूबच्या मैदानाकडे हळूहळू उतरत जातो. दक्षिण उतार अनेक ठिकाणी एकदम तुटल्यासारखा आहे.

हीमसविषयी प्राचीन काळी एक समजूत होती. त्याच्या माथ्यावरून काळा समुद्र आणि एड्रियाटिक समुद्र हे दोन्ही एकाच वेळी दिसतात, असे लोक मानीत. रोमशी युद्ध करण्याचा विचार मनात असलेला मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने इ. स. पू. १८१ मध्ये केवळ याच कारणासाठी पर्वतावर चढाई केली. वर दाट धुके होते. राजा खाली उतरला, पण लोकांची समजूत खोटी आहे असे त्याने सांगितले नाही. आपल्या श्रमाचे हसू होऊ नये म्हणूनच ही मंडळी गप्प राहिली असावीत, असा तर्क रोमन इतिहासकार लिव्ही याने केला आहे.

या समजुतीची परीक्षा साध्या गणिताने करता येते. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरून दिसणाऱ्या क्षितिजाचे अंतर मर्यादित असते. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ३.५७ ने गुणले, की हे अंतर सुमारे किलोमीटरमध्ये मिळते. बोतेव शिखराच्या बाबतीत ते सुमारे १७४ किलोमीटर येते. शिखरापासून काळा समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि एड्रियाटिक तर चारशे किलोमीटरांहूनही दूर. सर्वोच्च शिखरावरून आणि अगदी स्वच्छ हवेतसुद्धा या दोहोंपैकी एकाही समुद्राचे पाणी दिसणे शक्य नाही.

हीमसच्या दक्षिणेस ऱ्होडोपी हा दुसरा मोठा पर्वत आहे. त्याचे सर्वोच्च शिखर २,१९१ मीटर उंच आहे. ऱ्होडोपीच्या वायव्येस रीला पर्वत असून त्यातील मुसाला हे २,९२५ मीटर उंचीचे शिखर संपूर्ण बाल्कन द्वीपकल्पात सर्वांत उंच आहे. आग्नेयीस काळ्या समुद्राच्या काठाने स्त्रांजा ही ठेंगणी, वनाच्छादित रांग जाते. तिची कमाल उंची १,०३१ मीटर आहे.

३. हेब्रस नदी आणि तिचे खोरे

हीमस आणि ऱ्होडोपी यांच्यामध्ये जो सखल पट्टा आहे तोच थ्रेसचा गाभा होय. या पट्ट्यातून हेब्रस नदी वाहते. हिलाच बल्गेरियात मारित्सा, ग्रीसमध्ये एव्ह्रोस आणि तुर्कस्तानात मेरिच म्हणतात. रीला पर्वतात उगम पावून ती पूर्वेकडे वाहत जाते. एदिर्ने शहराजवळ ती एकदम दक्षिणेकडे वळते आणि एनेझ गावाजवळ एजियन समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे ४८० किलोमीटर आहे. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग आजच्या बल्गेरियात मोडतो.

एदिर्नेजवळ उत्तरेकडून तुंजा आणि पश्चिमेकडून आर्दा या नद्या मारित्साला मिळतात. जेथे तीन नद्यांचे पाणी एकत्र येते तेथे तीन खोऱ्यांचे रस्तेही एकत्र येतात. यामुळेच या जागी फार पूर्वीपासून वस्ती होती. रोमन सम्राट हेड्रियन याने दुसऱ्या शतकात तेथे नगर वसवून त्यास आपले नाव दिले. हेड्रियनोपोलिस, एड्रियानोपल आणि एदिर्ने ही एकाच नगराची तीन काळांतील नावे आहेत.

एदिर्नेच्या खाली पूर्वेकडून एर्गेने नदी येऊन मिळते. तिच्या काठची भूमी दलदलीची असल्यामुळे पंधराव्या शतकात तुर्कांनी तेथे सुमारे १,४०० मीटर लांबीचा दगडी पूल बांधला. या पुलावरून तेथील गावास उझुनकोप्रू, म्हणजे ‘लांब पूल’, असे नाव पडले. मुखाशी नदीने इतका गाळ आणून टाकला, की एनेझ, म्हणजे ग्रीकांचे एनोस, हे एके काळचे बंदर आज समुद्रापासून काहीसे आत पडले आहे.

४. हवामान आणि उपज

थ्रेस भूमध्य समुद्राच्या जवळ असला तरी त्याचे हवामान सर्वत्र भूमध्यसागरी नाही. एजियनच्या काठी ऑलिव्ह पिकते आणि हिवाळा सौम्य असतो. अंतर्भागात मात्र उत्तरेकडील थंड वारे येऊन पोहोचतात. झेनोफन हा ग्रीक सेनानी इ. स. पू. ४०० च्या हिवाळ्यात थ्रेसियन राजा सेउथेस याच्या पदरी होता. भांड्यातील मद्य गोठून जाई आणि कित्येक ग्रीक सैनिकांची नाके व कान हिमदंशाने झडले, असे त्याने नमूद केले आहे. थ्रेसियन लोक कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या कानांवर ओढून का घेतात, हे ग्रीकांना त्या वेळी उमगले.

या भूमीची संपत्ती मोठी होती. मैदानात धान्य पिके आणि उतारांवर द्राक्षे होत. घोड्यांसाठी थ्रेसची ख्याती होमरच्या काळापासून होती. स्ट्रायमॉनच्या काठी जहाजांना लागणारे लाकूड आणि पँगेयस पर्वतात सोने व रूपे मिळे. थ्युसिडिडीस या सुप्रसिद्ध इतिहासकाराकडे याच भागातील सोन्याच्या खाणींचे हक्क होते. सोने आणि लाकूड नेमके पश्चिम सीमेवर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे ती सीमा वारंवार का सरकली हे समजणे सोपे जाते.

५. लोक

थ्रेसियन हे एक राष्ट्र नव्हते. अनेक जमातींचा तो समूह होता. हीमसच्या उत्तरेस गेटी, वायव्येस त्रिबल्ली, ऱ्होडोपीच्या डोंगरात बेस्सी, आणि हेब्रसच्या खोऱ्यात ओद्रिसी ही त्यांतील प्रमुख नावे होत. त्यांची भाषा इंडो-युरोपीय कुळातील होती. परंतु तिच्यात लिहिलेला मजकूर फारच थोडा हाती लागला आहे. बल्गेरियातील एझेरोवो येथे १९१२ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या अंगठीवर ग्रीक लिपीत थ्रेसियन लेख कोरलेला आहे. त्यातील अक्षरे वाचता येतात, पण त्याच्या अर्थाविषयी विद्वानांचे एकमत झालेले नाही.

हिरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात या लोकांचे वर्णन करताना केलेली एक तुलना भारतीय वाचकास विशेष लक्षवेधी वाटेल. जगात संख्येने सर्वांत मोठे लोक हिंदी होत आणि त्यांच्या खालोखाल थ्रेसियन होत, असे तो म्हणतो. हे लोक एका राजाखाली वा एका विचाराने राहिले असते तर त्यांना कोणी जिंकू शकले नसते; परंतु त्यांच्यात तसे ऐक्य होणे शक्य नाही, असेही तो पुढे सांगतो. ही संख्या त्याने मोजलेली नव्हती. तथापि ग्रीकांच्या दृष्टीने थ्रेस हा किती अफाट प्रदेश होता, हे या विधानावरून स्पष्ट होते.

थ्रेसच्या पश्चिम कडेचे काही सैनिक भारतापर्यंत येऊनही गेले. स्ट्रायमॉनच्या उगमाकडील डोंगरात राहणारे अग्रियन भालाफेके अलेक्झांडरच्या सैन्यात होते आणि इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाविरुद्ध झालेल्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता.

६. ग्रीक लेखकांनी सांगितलेल्या सीमा

हिरोडोटसच्या मते थ्रेस डॅन्यूबपर्यंत पसरलेला होता. त्या नदीच्या पलीकडे मधमाश्या इतक्या आहेत, की पुढे जाता येत नाही, असे थ्रेसियन लोक सांगत. हिरोडोटसला हे पटले नाही, कारण मधमाशीला थंडी सोसत नाही आणि उत्तरेकडे तर थंडी वाढत जाते. ऐकीव माहिती ज्ञात गोष्टींशी ताडून पाहण्याची ही वृत्ती भूगोलशास्त्राच्या आरंभकाळात दिसते, हे उल्लेखनीय आहे.

थ्युसिडिडीसने सीमांचे वर्णन अंतराने केले. त्याच्या काळी ओद्रिसी जमातीच्या राजांनी बहुतेक थ्रेसियन जमातींना एका सत्तेखाली आणले होते. हे राज्य किनाऱ्याने एजियनवरील अब्डेरा नगरापासून डॅन्यूबच्या मुखापर्यंत पसरले होते. अनुकूल वारा असल्यास या प्रवासास गलबताला चार दिवस व चार रात्री लागत; जवळच्या वाटेने झपाझप चालणारा माणूस तेच अंतर अकरा दिवसांत काटी. बायझंटियमपासून आत स्ट्रायमॉनच्या वरच्या भागापर्यंत जाण्यास तेरा दिवस लागत. त्या काळी नकाशे दुर्मीळ होते. म्हणून प्रदेशाचे माप चालण्याच्या दिवसांत देणे हीच सर्वांना समजणारी रीत होती. इ. स. पू. ४२९ मध्ये ओद्रिसी राजा सिताल्केस मॅसिडोनियावर चालून गेला, तेव्हा त्याच्या सैन्याची संख्या दीड लाख असल्याचे बोलले जात होते. शिधा संपत आल्यामुळे आणि थंडीमुळे तो लवकरच परत फिरला.

७. पश्चिम सीमेचे सरकणे

अतिप्राचीन काळी थ्रेसियन लोक स्ट्रायमॉनच्याही पुष्कळ पश्चिमेस, ऑलिंपस पर्वताच्या पायथ्यापर्यंत, राहत होते. मॅसिडोनियाचे राज्य वाढू लागले तसे त्यांना पूर्वेकडे हटावे लागले आणि स्ट्रायमॉन ही सीमा मानली जाऊ लागली.

अथेन्सलाही या नदीकाठच्या लाकडाची व सोन्याची गरज होती. नदीच्या मुखापासून थोडे आत ‘नऊ वाटा’ या नावाचे एक नाक्याचे ठिकाण होते. तेथे वसाहत करण्याचा अथेन्सचा पहिला प्रयत्न थ्रेसियनांनी मोडून काढला. अखेर इ. स. पू. ४३७ मध्ये अथेन्सने तेथे अँफिपोलिस हे नगर वसवले. इ. स. पू. ४२४ मध्ये हे नगर स्पार्टाच्या हाती गेले, तेव्हा जवळच्या थासोस बेटावर नेमणुकीस असलेला सेनापती दुसरा कोणी नसून थ्युसिडिडीसच होता. या अपयशाबद्दल त्याला वीस वर्षे स्वदेशाबाहेर राहावे लागले. त्या काळाने त्याला इतिहासलेखनासाठी अवकाश मिळवून दिला.

मॅसिडोनियाचा दुसरा फिलिप याने इ. स. पू. ३५७ मध्ये अँफिपोलिस घेतले आणि पुढच्याच वर्षी खाणींजवळील वसाहतीस फिलिपाय हे नाव दिले. यानंतर सीमा स्ट्रायमॉनवरून नेस्टसवर सरकली. खाणींचा प्रदेश मॅसिडोनियाचा भाग झाला आणि भूगोलकार स्ट्रेबो याने या बदलाची नोंद करून ठेवली. पुढे फिलिपने हेब्रसच्या खोऱ्यातही शिरकाव केला. तेथील जुन्या थ्रेसियन वस्तीला फिलिपोपोलिस असे नाव मिळाले. तेच आजचे प्लोव्हदिव.

सत्ता गेली तरी थ्रेसियन जीवन लगेच नाहीसे झाले नाही. बल्गेरियातील काझान्लक येथे १९४४ मध्ये एक थ्रेसियन थडगे सापडले. त्याच्या घुमटावरील रंगीत चित्रे इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या सुमाराची आहेत. १९४८ मध्ये तेथून जवळच धरणाचे काम चालू असता तिसऱ्या सेउथेस राजाची राजधानी सेउथोपोलिस उजेडात आली. तिचे उत्खनन झाले आणि नंतर ती जलाशयाखाली गेली.

८. रोमन प्रांत

रोमने थ्रेसला प्रथम मांडलिक राज्य म्हणून राखले. इ. स. ४६ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या काळात ते खालसा करून त्याचा प्रांत करण्यात आला. पण हा प्रांत हिरोडोटसच्या थ्रेसहून लहान होता. डॅन्यूब ही साम्राज्याच्या संरक्षणाची रेषा असल्यामुळे तिच्या काठची पट्टी मोएशिया या लष्करी प्रांतात ठेवण्यात आली. थ्रेसची उत्तर सीमा अशा रीतीने नदीवरून हीमसच्या परिसरात आली.

तरीही ही सीमा पर्वताच्या माथ्यावरून सरळ जात नव्हती. इ. स. १३६ मध्ये हेड्रियनच्या आज्ञेने मोएशियन व थ्रेसियन यांच्यातील हद्द दर्शविणारे कोरीव दगड रोवण्यात आले. ते हीमसच्या उत्तरेस सापडले आहेत. म्हणजे पर्वताच्या उत्तर पायथ्याचा काही भाग त्या वेळी थ्रेसकडे होता. नकाशावर पर्वतरांग ही तयार सीमा वाटते; कारभार पाहणाऱ्यास मात्र गावे, रस्ते आणि कर यांचा हिशोब करावा लागतो.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लीशियनने साम्राज्याची फेररचना केली. या रचनेत थ्रेस हे नाव दोन अर्थांनी वापरात आले. सहा प्रांतांच्या एका मोठ्या विभागास थ्रेस म्हणत आणि हा विभाग पुन्हा डॅन्यूबपर्यंत पोहोचला. त्याच वेळी त्या सहांपैकी फिलिपोपोलिसभोवतालच्या एका लहान प्रांताचेही नाव थ्रेसच होते. याच विभागात बायझंटियमजवळच्या प्रांताला ‘युरोपा’ असे नाव होते. आज जे नाव अख्ख्या खंडाचे आहे ते एका काळी एवढ्याशा प्रांताचेही होते.

९. नाव आपली जागा सोडते

बायझंटाइन काळात नावांची आणखी एक अदलाबदल झाली. सातव्या शतकात स्लाव लोक द्वीपकल्पात स्थायिक झाले आणि ६८१ च्या सुमारास डॅन्यूबच्या दक्षिणेस बल्गार राज्याची स्थापना झाली. या नव्या शेजाऱ्यापासून राजधानीचे रक्षण करण्यासाठी थ्रेस नावाचा लष्करी विभाग निर्माण करण्यात आला. आठव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या पश्चिम भागातून आणखी एक विभाग काढण्यात आला. त्याचे ठाणे एड्रियानोपल येथे होते आणि नाव मात्र मॅसिडोनिया ठेवण्यात आले. खऱ्या मॅसिडोनियाचा मोठा भाग त्या काळी सम्राटाच्या हाती उरला नव्हता. त्याचे नाव तेवढे पूर्वेकडे आले. नवव्या शतकातील सम्राट पहिला बॅसिल ‘मॅसिडोनियन’ म्हणून ओळखला जातो, तो या विभागामुळे. त्याचा जन्म प्राचीन थ्रेसच्या भूमीवर झाला होता.

याच काळातील सीमा जमिनीवर आजही दिसते. नवव्या शतकाच्या आरंभी बल्गार व बायझंटाइन यांच्यात तह झाला. काळ्या समुद्रानजीकच्या देबेल्तपासून मारित्साच्या दिशेने जाणारा, एर्केसिया नावाचा, सुमारे १३० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध व खंदक याच हद्दीचा मानला जातो. त्याच्याही पूर्वी, सहाव्या शतकाच्या सुमारास, कॉन्स्टँटिनोपलच्या पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटरांवर काळ्या समुद्रापासून मार्मारा समुद्रापर्यंत एक लांब तट उभा करण्यात आला होता. सम्राट अनास्तासियसच्या नावाने तो ओळखला जातो.

चौदाव्या शतकात तुर्कांनी एड्रियानोपल घेतले आणि १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकले. यानंतर सुमारे साडेचारशे वर्षे संपूर्ण थ्रेस एकाच सत्तेखाली होता. तुर्क, ग्रीक, बल्गेरियन, आर्मेनियन, ज्यू आणि रोमा लोक एकाच खोऱ्यात, पुष्कळदा एकाच नगरात, राहत असत.

१०. आधुनिक सीमा : १८७८ ते १९२३

१८७८ मधील बर्लिनच्या तहाने हीमसच्या उत्तरेस बल्गेरियाचे मांडलिक राज्य आणि दक्षिणेस पूर्व रुमेलिया हा स्वायत्त प्रांत निर्माण केला. रोमन मोएशिया व थ्रेस यांच्यातील सीमा जणू अठराशे वर्षांनी पुन्हा वर आली. परंतु पर्वताच्या दोन्ही अंगांस बहुसंख्य लोक एकच भाषा बोलणारे होते. सात वर्षांतच, १८८५ मध्ये, दोन्ही भाग एक झाले.

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत ही भूमी पुन्हा रणक्षेत्र बनली. मार्च १९१३ मध्ये बल्गेरियन सैन्याने एदिर्ने घेतले. मे महिन्यात लंडनच्या तहाने एजियनवरील एनोसपासून काळ्या समुद्रावरील मिदियापर्यंत एक रेषा आखली. ही रेषा तीन महिनेही टिकली नाही. जुलैमध्ये तुर्कांनी एदिर्ने परत घेतले. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या न्यूईच्या तहाने बल्गेरियाने एजियनचा किनारा गमावला, आणि १९२० मध्ये पूर्व थ्रेसचा बहुतेक भाग ग्रीसला देण्यात आला. १९२२ मध्ये आशिया मायनरमध्ये ग्रीसचा पराभव झाल्यावर तो भाग तुर्कस्तानकडे परत गेला.

२४ जुलै १९२३ रोजी लोझानचा तह झाला. या तहाने ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील सीमा मारित्सा नदीवर ठरविली. नदीच्या पश्चिमेस असलेले एदिर्नेचे उपनगर काराआच मात्र युद्धाच्या भरपाईदाखल तुर्कस्तानला मिळाले. त्याच वर्षी ३० जानेवारीला झालेल्या करारान्वये दोन्ही राष्ट्रांतील लोकसंख्येची सक्तीने अदलाबदल करण्याचे ठरले होते. निवड भाषेवरून नव्हे, तर धर्मावरून करण्यात आली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक तुर्कस्तान सोडून ग्रीसमध्ये गेले. त्यांतील बहुसंख्य लोक करारापूर्वीच पळून गेलेले होते. साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना या करारातून वगळण्यात आले होते.

काराआचच्या ग्रीक रहिवाशांनी आपली घरे सोडली आणि सीमेच्या पलीकडे थोड्याच अंतरावर १९२३ मध्ये नेआ ओरेस्तियादा हे नवे गाव वसवले. एदिर्नेला फार पूर्वी ओरेस्तियास असेही म्हणत. गाव मागे राहिले. त्याचे नाव लोकांनी बरोबर नेले.

११. कण्याचे कुंपण झाले

या सर्व स्थित्यंतरांत एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. डॅन्यूब, हीमस, स्ट्रायमॉन आणि नेस्टस यांनी प्राचीन काळी सीमेचे काम केले. हेब्रस मात्र प्राचीन थ्रेसची सीमा नव्हती. ती त्याच्या मध्यातून वाहणारी, त्याला जोडणारी नदी होती. एकाच खोऱ्याचे दोन काठ एकाच बाजारात धान्य नेत, एकाच घाटाने नदी उतरत आणि एकाच पुरात बुडत. १९२३ मध्ये प्रथमच तिच्या खालच्या भागात स्थायी आंतरराष्ट्रीय सीमा आली. जो कणा होता त्याचे कुंपण झाले.

याचे परिणाम अगदी साध्या गोष्टींत दिसून आले. रेल्वेमार्ग नव्या सीमेच्या आधी बांधलेला होता. त्यामुळे इस्तंबूलहून एदिर्नेला जाणारी तुर्की गाडी वाटेत ग्रीसच्या हद्दीतून जात असे. १९७१ मध्ये तुर्कस्तानने आपल्या हद्दीतून नवा मार्ग बांधला, तेव्हा ही अडचण दूर झाली आणि काराआचचे जुने स्थानक बंद पडले. त्या इमारतीत पुढे विद्यापीठाचे वर्ग भरू लागले.

नदी ही सीमा म्हणून आणखी एका कारणाने गैरसोयीची असते. गाळाच्या मैदानातील नदी पुराबरोबर पात्र बदलते, कागदावरची रेषा बदलत नाही. १९२६ मध्ये ठरविलेली हद्द आजच्या प्रवाहाशी सर्वत्र जुळत नाही. बल्गेरियातील डोंगरात अतिवृष्टी झाली वा धरणांतून पाणी सोडावे लागले, की एदिर्नेच्या आसपासची शेते पाण्याखाली जातात. पुराची आगाऊ सूचना वेळेवर मिळण्यासाठी तिन्ही राष्ट्रांचे सहकार्य आवश्यक असते.

आज प्राचीन थ्रेसचा सर्वांत मोठा भाग बल्गेरियात आहे. तुर्कस्तानातील पूर्व थ्रेसचे क्षेत्र सुमारे २३,७०० चौरस किलोमीटर आणि ग्रीसमधील पश्चिम थ्रेसचे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर आहे. ग्रीस १९८१ मध्ये आणि बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात दाखल झाले. १ जानेवारी २०२५ पासून या दोन देशांमधील भूसीमेवरील नेहमीची तपासणी उठविण्यात आली. याउलट ग्रीस व तुर्कस्तान यांच्यामधील सीमेच्या एका भागावर ग्रीसने २०१२ मध्ये कुंपण उभारले आणि नंतर ते वाढविले. एकाच प्रदेशात एक सीमा पुसट होत आहे आणि दुसरी अधिक ठळक होत आहे.

१२. समारोप

थ्रेसच्या इतिहासावरून सीमांविषयी तीन गोष्टी समजतात. पहिली ही, की निसर्ग सीमा आखत नाही. तो केवळ खुणा पुरवितो. त्यांतील कोणती खूण निवडायची हे सत्ता, संरक्षण आणि संपत्ती यांवरून ठरते. दुसरी ही, की प्रदेशाचे नाव आणि प्रदेशाची भूमी या दोन भिन्न वस्तू आहेत. नाव आक्रसते, विस्तारते, प्रसंगी दुसऱ्याच जागी जाऊन बसते. म्हणून जुन्या ग्रंथात एखाद्या प्रदेशाचे नाव आले, तर ते कोणत्या शतकातील आहे हे आधी पाहिले पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पर्वतावरची सीमा निर्जन माथ्यावरून जाऊ शकते. सुपीक खोऱ्यातून जाणारी सीमा मात्र घरे, शेते आणि बाजार यांच्यामधून जाते. तिची किंमत तेथे राहणाऱ्या माणसांना द्यावी लागते.

अभ्यास

१. प्राकृतिक नकाशावर डॅन्यूब, स्ट्रुमा, मेस्ता व मारित्सा या नद्या दाखवा आणि प्रत्येकीच्या काठचे एक नगर लिहा.
२. एकाच बाह्यरेखा-नकाशात हिरोडोटसच्या काळचा थ्रेस, इ. स. ४६ नंतरचा रोमन प्रांत आणि आजचे तीन भाग वेगवेगळ्या रंगांनी दाखवा.
३. १,६०० मीटर उंचीच्या शिखरावरून क्षितिज किती दूर दिसेल? आपल्या जिल्ह्यातील एखाद्या डोंगराचे क्षितिज याच रीतीने काढा.
४. पश्चिम सीमा स्ट्रायमॉनवरून नेस्टसवर का सरकली? खनिज संपत्तीचा संबंध जोडून उत्तर लिहा.
५. आपल्या राज्याची सीमा कोठे नदीवरून आणि कोठे डोंगरावरून जाते ते शोधा. त्या नदीच्या दोन्ही काठांवरील गावांचे व्यवहार आज कसे चालतात, याची माहिती मिळवा.